काळे मॅडम आणि अण्णांचं औषध

प्रयोगशाळेत कुणी ‘सिद्ध झालं’ म्हटलं की आमच्या काळे मॅडम हातातलं काम थांबवून विचारायच्या, “कुठं सिद्ध झालं? माणसात का डबीत?” त्या मूळच्या गंगापूरच्या. संभाजीनगरात हयात घालवूनही बोलणं गावचंच राहिलं होतं. मी त्यांचा पीएच.डी.चा विद्यार्थी, आणि ‘सिद्ध झालं’ हे शब्द सगळ्यात जास्त मीच उधळायचो.

आमचा विषय होता मेंदूतल्या राखणदार पेशी. त्यांच्यात धोका ओळखणारी प्रथिनं असतात. जंतू दिसला किंवा पेशींची मोडतोड दिसली की ती इशारा देतात आणि दाह सुरू होतो. मॅडम सांगायच्या, “इशारा पाहिजेच. पण हे गडी बोंबलतच राह्यले, तर त्या दाहानं चांगल्या पेशी मरतात. स्मृतिभ्रंशात असंच होत असावं.” त्यातल्या ‘असावं’वर त्यांचा जोर असे. मी नेमकं तेच गाळून ऐकायचो.

एकदा माझ्या काचेच्या डबीत वाढवलेल्या पेशींचा दाह एका रसायनानं खरोखर उतरला. मी पेढे घेऊन थेट मॅडमच्या घरी. मॅडम बाहेर गेल्या होत्या. घरात त्यांचे वडील, अण्णा. त्यांना हाच स्मृतिभ्रंशाचा आजार. झालेलं जेवणसुद्धा विसरायचे. श्रोता मिळाल्यावर मी कसला थांबतो! लांबलचक व्याख्यान देऊन शेवटी म्हणालो, “अण्णा, आता तुमचं औषध येणार!”

सगळं विसरणारे अण्णा एवढं मात्र विसरले नाहीत. रोज मुलीला विचारू लागले, “औषध आलं का?”

मॅडम रागावल्या नाहीत. म्हणाल्या, “मी नाय सांगणार त्यांना. संध्याकाळी येऊन तूच सांगत जा.”

मी गेलो. माणसांवरच्या चाचण्या, दुष्परिणाम, परवानग्या, सगळं समजावलं. अण्णांनी शांतपणे ऐकलं.

“म्हंजे आज नाय?”

“आज नाही.”

“बरं. चहा घे.”

मग संध्याकाळी तिथं जाणं नेहमीचंच झालं. अण्णा वारले त्याच्या थोडं आधीची गोष्ट. आम्ही तिघं चहा पीत होतो. मॅडमकडे बराच वेळ बघून अण्णांनी विचारलं, “बाई, तुम्ही कोण?”

मॅडमनी कप खाली ठेवला. मग म्हणाल्या, “या आजारावर काम करते मी.”

“व्हय? मग लवकर करा. माझी पोरगी लई दमती.”

“करते,” म्हणून मॅडम कप उचलून आत गेल्या. अण्णांशी काहीतरी बोलावं म्हणून मी तोंड उघडलं. पहिलाच शब्द ‘संशोधनानुसार’ यायला लागला, म्हणून मिटलं. आत बराच वेळ नळ वाहत होता. कप तीनच होते.