काचेपलीकडचा घोडेस्वार

परवा नाण्यांच्या प्रदर्शनात एक गृहस्थ काचेला नाक लावून उभे होते, म्हणून मीही डोकावले. तीनशे वर्षांपूर्वीचं डच चांदीचं नाणं, त्यावर तलवार उगारलेला घोडेस्वार. आणि घोड्याच्या पोटाखाली सोनाराच्या छिन्नीची बारीक खाच! अहो, ते माझंच नाणं होतं. वेंगुर्ल्याच्या सोन्याचांदीच्या मोडीच्या दुकानातून मी आणलेलं.

मांडणारे होते आमचे अण्णा. जुनी युरोपी नाणी पारखायला मला त्यांनीच शिकवलं. हे नाणं मी दाखवायला नेलं, तेव्हा त्यांनी ते फरशीवर वाजवलं आणि मान हलवली. "खोटं आहे, ताई. राहू दे माझ्याकडे, नवशिक्यांना दाखवायला." आवाज खऱ्या चांदीसारखा स्वच्छ आला होता हो, मी ऐकला होता. पण कानापेक्षा मी त्या हललेल्या मानेवर विश्वास ठेवला. शिकवणारा माणूस आपल्याला डोळे देतो, कान देतो, आणि नेमके त्याच्यासमोरच आपण ते वापरत नाही. मग त्याला फसवायला कष्ट ते कसले!

"कुठे मिळालं हे?" गृहस्थांनी विचारलं.

"एका बाईंकडे पडून होतं. त्यांना काय कळतंय!" म्हणत अण्णा वळले, तर समोर मी. चेहरासुद्धा पडला नाही त्यांचा. "या ताई, जवळून बघा."

"अण्णा, हे खोटं होतं ना?"

गृहस्थ दचकून माझ्याकडे बघायला लागले. अण्णा म्हणाले, "ताई, चहा घेऊ या का?"

आयुष्यात पहिल्यांदा मी चहाला नाही म्हटलं.