सरजाबाईचं लातूरचं बिऱ्हाड

सरजाबाई सोनकांबळे इस्लापूरच्या सरकारी दवाखान्यातून नर्स म्हणून रिटायर झाली, तेव्हा निरोपाच्या कार्यक्रमात डॉक्टरांनी तिला शाल दिली, नारळ दिला आणि म्हणाले, "बाई, आता आराम करा." तो नारळ त्यांच्याच डोक्यात फोडावा, असं सरजाबाईला क्षणभर वाटलं. आराम करा म्हणे! कुठं करायचा? महिनाअखेरीला क्वार्टर सोडायचं होतं. किनवट तालुक्यातली निम्मी पोरं हिच्या हातून जगात आली, पण हिला स्वतःला पाय पसरायला हक्काची जागा नव्हती. नवरा ऐन तारुण्यात गेला. त्यानंतर सगळं आयुष्य बदल्यांमध्ये आणि सरकारी कौलांखाली गेलं.

तसं बोलावणाऱ्यांची कमी नव्हती. कंधार तालुक्यातल्या सासरच्या गावाहून पुतण्या ग्यानोबा आला, पायावर डोकं ठेवून म्हणाला, "काकू, आता गावाकडंच चला. तुमचंच घर हाय."

"माझंच हाय व्हय? मंग माझ्या खोलीत तुझी म्हस कशी काय बांधलीस रे?" सरजाबाईनं विचारलं. ग्यानोबा हसला. सरजाबाई हसली नाही. दोन पावसाळे कोरडे गेले होते आणि गावची विहीर होळीलाच आटली होती. ज्या विहिरीच्या रहाटाला तरुणपणी तिला हात लावू दिला नव्हता, तिच्यात आता कुणासाठीच पाणी नव्हतं. ही समता आणायला दुष्काळ लागला, याचं तिला भारी हसू आलं. गावाला तिनं मनातल्या मनात फुली मारली.

नांदेडजवळ विष्णुपुरीला पार्वतीबाई नावाच्या जुन्या सोबतिणीनं घर बांधलं होतं. तीही रिटायर नर्स. "ये, दोघी मिळून राहू," असा तिचा निरोप होता. सरजाबाई जाऊन बघून आली. रस्ते आखलेले, विजेचे खांब रोवलेले, माणसं मात्र अजून यायची होती. दोन म्हाताऱ्या नर्सा एका घरात राहिल्या तर एकमेकींची नाडी बघत बसतील, दुसरं काय करतील? तिथंही फुली.

राहिलं लातूर. तिचा एकुलता मुलगा व्यंकटी तिथं नव्या कलेक्टर कचेरीत क्लार्क होता. लातूर जिल्हा होऊन चौथं वर्ष चाललं होतं, पण लातूरकरांच्या अंगावरची हळद अजून उतरली नव्हती. नळाला आठवड्यातून एकदा पाणी, तेही करंगळीएवढं, आणि बोलणं मात्र "आमचं जिल्ह्याचं ठिकाण!" मोठं घर पोकळ वासा. सरजाबाईनं लातूरलाही पोटभर नावं ठेवली. देवळातला देव दाखवला तर त्याचंही नाक नकटं म्हणेल, अशी ती बाई.

पण खरं सांगायचं तर तिला लातूरलाच जायचं होतं. तिच्या बदल्यांपायी व्यंकटी वसतिगृहांत वाढला. सुट्टीत यायचा, परत जाताना एसटीच्या खिडकीत तोंड लपवून रडायचा. त्याचं बालपण तिच्या हातून निसटलं होतं. आता निदान म्हातारपण त्याच्या घरात काढावं, त्याला रोज आपल्या हातची भाकरी घालावी, एवढी एकच इच्छा ह्या खाष्ट बाईच्या पोटात होती. ती तिनं कुणाला बोलून दाखवली नव्हती.

ट्रंक घेऊन ती लातूरला उतरली आणि दारावरच्या पाटीपाशीच अडखळली. "व्ही. एस. कंधारकर." सोनकांबळे गेले कुठं? आत गेली तर भिंतीवर महात्मा बसवेश्वरांचा फोटो. चिरंजीव बाहेर आले, तर कपाळावर भस्माचे तीन पट्टे.

"कुणाचं घर हाय हे?" सरजाबाईनं विचारलं.

सून सिंधू बिचारी कानाशी लागली. "आत्याबाई, हळू बोला. हितं ह्यांना वीरभद्र म्हणत्यात."

प्रकार असा होता. घरमालक रेवणप्पा हे लिंगायत व्यापारी, बाजारात आडत दुकान. खोली बघायला गेलेल्या व्यंकटीनं कंधारकर म्हणून नाव सांगितलं. रेवणप्पांनी विचारलं, "आपल्यातलेच का?" आणि ह्या शूरवीरानं मान हलवली. एकदा मान हलवल्यावर पुढचं सगळं आपोआप आलं. भस्म आलं, नमस्काराच्या जागी "शरणार्थ" म्हणणं आलं, 'व्ही'चा वीरभद्र झाला.

"आई, जात सांगितली असती तर खोली मिळाली नसती," व्यंकटी दार लोटून म्हणाला. "आन् ह्या घराच्या आडाला पाणी हाय. सगळं लातूर टँकरच्या मागं पळायलंय, आपल्याला दोन घागरी घरात मिळत्यात."

"ज्या माणसानं जात मोडायला जन्म घालवला, त्याच्याच फोटोआड जात लपवायलास? त्याला तरी काय वाटत आसंल रे!" सरजाबाई म्हणाली.

तिनं इस्लापूरहून आणलेला बाबासाहेबांचा फोटो व्यंकटीनं हळूच परत तिच्या ट्रंकेत ठेवला आणि वर तिचीच लुगडी टाकली.

त्याच दिवशी ती निघायची, पण रात्री व्यंकटीनं तिच्या हातची अंबाडीची भाजी खाल्ली आणि लहानपणासारखं ताट पुसून काढलं. तेवढ्यावर ती विरघळली. आई झाली म्हणून काय झालं, मूर्खपणा चुकतो का कुणाला! ती राहिली. घरमालकीण सिद्धम्मा "काय म्हणता अक्का?" म्हणायची तेव्हा ती "बरं हाय" एवढंच बोलायची. जिनं तालुक्याच्या आमसभेत सभापतीला गप्प बसवलं होतं, ती बाई आता मुलाच्या घरात शिंकतानाही विचार करू लागली.

असे काही आठवडे गेले. मग एका सोमवारी सिद्धम्माकडं जंगम स्वामी आले. लिंगायतांच्या घरी जंगमाचा मान मोठा. त्यांचे पाय धुतले, पूजा झाली. भाडेकरूंना दिवसाला दोन घागरी आणि पायांवर एक कळशी, हा हिशेब सरजाबाईनं खिडकीतून पाहिला आणि नाक मुरडलं. तेवढ्यात सिद्धम्मा स्वामींना घेऊन ह्यांच्याच दारात आली. "वीरभद्रप्पांच्या आई आल्यात स्वामी, त्यांनाबी आशीर्वाद द्या."

व्यंकटी कचेरीला निघाला होता. तो दारातच थिजला. सिंधूनं पदर डोक्यावर ओढला. स्वामी वयस्क, शांत गृहस्थ होते. त्यांनी अगदी साधेपणानं विचारलं, "बाई, तुमच्या घराण्याचा मठ कोणता?"

आता सरजाबाईनं काय करायचं? खोटं बोलायला तिला येत नव्हतं असं नाही. कुटुंबनियोजनाच्या कॅम्पात लोक जमावेत म्हणून ती भरपूर खोटं बोलली होती. पण हे खोटं जिभेवर चढेना. तिनं हात जोडले आणि म्हणाली, "मठ न्हाई स्वामी. आमी बौद्ध. जय भीम."

आणि मग व्यंकटी बोलला. घाईघाईनं, हसत हसत, ज्या आवाजात तो कचेरीत साहेबाला चुकलेल्या फायलीचं कारण सांगत असेल त्या आवाजात.

"स्वामी, ह्या आमच्या गावाकडच्या दाई. नर्स हायत. आमची आई लहानपणीच वारली, तर ह्यांनीच सांभाळलं मला. म्हणून मी आई म्हणतो ह्यांना."

सरजाबाईनं मुलाकडं पाहिलं. घाम भस्मावरून ओघळून भुवईत उतरत होता. तिनं उभ्या आयुष्यात बायकांच्या वेणा पाहिल्या होत्या, मेलेली पोरं हातात घेतली होती. पण आतडं पिळवटणं म्हणजे काय ते तिला त्या दारात कळलं. आणि त्या दुःखाच्या पाठोपाठ आली ती किळस. पिकल्या आंब्यात अळी दिसावी तशी.

स्वामी भले होते. त्यांनी हळहळून विचारलं, "अरेरे. कधी वारल्या ह्यांच्या आई?"

"लई वेळ न्हाई झाला," सरजाबाई म्हणाली आणि आत गेली.

दुपारी सिद्धम्मा स्वतः घागर घेऊन आली. दार लावून घेतलं आणि खाली बसली. "नर्सबाई, वाईट वाटून घेऊ नका. आमाला ठावं हाय. आजचं न्हाई, दोन वर्षं झाली."

"कसं काय?"

"आमचे मामंजी लिंगैक्य झाले तवा. घरात रडारड चाललेली, आन् तुमचा ल्योक मदत करायला म्हणून धावत गेला आन् बैलगाडीभर लाकडं आणून दारात उभी केली! आमच्यात जाळत्यात का कुणाला? आमच्यात बसवून माती देत्यात. लेकरालाबी म्हाईत आसतंय. रडणाऱ्या बाया पदरात तोंड घालून हसायल्या होत्या. मालकांनी लोकांना सांगितलं, सैपाकाला आणल्यात लाकडं."

सरजाबाईनं कपाळाला हात लावला. धर्म बदलायच्या आधी व्यंकटीच्या स्वतःच्या आज्यालाही पुरलंच होतं. म्हणजे ह्या शहाण्याला दुसऱ्याचं सोंग तर आणता आलं नाहीच, आपल्या घरचंही ठाऊक नव्हतं. धड ना इकडचा, धड ना तिकडचा.

"मंग हाकललं का न्हाई?" तिनं विचारलं.

"कशापायी? कलेक्टर कचेरीतला माणूस, मालकांची कामं करतो. आन् भिणारा भाडेकरू लई चांगला आसतोय बाई. दोन घागरी दिल्या तर दोन घेतो, तिसरी मागत न्हाई." सिद्धम्मानं घागर पुढं सारली. "तुमीबी ऱ्हावा की. आमची ना न्हाई. नुसतं तेवढं बोलू नका."

सिद्धम्माचा सरजाबाईला फारसा राग आला नाही. ती निदान तोंडावर बोलली होती. पाटीवरच्या माणसाला तर तेवढंही जमलं नव्हतं.

संध्याकाळी व्यंकटी मान खाली घालून आला. पाया पडायला वाकला, तिनं पाय मागं घेतले. "त्यांना ठावं हाय," ती म्हणाली. "तुझ्या लाकडाच्या गाडीपासून ठावं हाय."

व्यंकटीचा चेहरा पांढरा पडला. सरजाबाई वाट बघत राहिली. आता तरी हा रडेल, चिडेल, ते भस्म पुसेल, काहीतरी करेल. माणूस असेल तर काहीतरी करेलच. व्यंकटीनं मोठा श्वास सोडला आणि म्हणाला, "म्हंजे... चालतंय त्यांना?" आणि त्याच्या तोंडावर हळूहळू हसू आलं. "मंग तर बरंच झालं की आई! तूबी ऱ्हा. नुसतं तेवढं बोलू नको."

सिद्धम्माचीच वाक्यं, तीच्या तीच. सरजाबाईनं ट्रंक ओढून बाहेर काढली. सिंधू भिंतीला टेकून मुसमुसू लागली. सरजाबाईनं तिच्या डोक्यावरून हात फिरवला, कारण त्या घरात लाज शिल्लक असलेलं तेवढंच एक माणूस होतं.

दुसऱ्या दिवशी ती बौद्ध वस्तीतल्या विहारात गेली आणि तिथल्या केवळाबाई नावाच्या विधवेच्या घरातल्या दोन खोल्या ठरवून आली. जागा कळल्यावर व्यंकटी हवालदिल झाला. "आई, नांदेडला जा. पार्वतीबाईंकडं जा, मी सामान पोचवतो. ती वस्ती माझ्या कचेरीच्या वाटंवर हाय. लातुरात लोक बगतील."

"म्हणून तर लातूर," सरजाबाई म्हणाली.

वस्तीत आड नव्हता. टँकर यायचा, तोही मनात येईल तेव्हा, आणि मग अशी झुंबड उडायची की विचारू नका. सरजाबाई घागर घेऊन रांगेत उभी राहायची, मध्ये घुसणाऱ्यांची आईबहीण काढायची, टँकरवाल्याला किनवटकडं शिकलेल्या तेलुगूतून शिव्या घालायची आणि तिसरी घागर भांडून घ्यायची. महिनाभरात वस्तीतल्या पोटुशा बाया तिच्या दारात बसू लागल्या. मुलाचा विषय तिनं केवळाबाईजवळ काढला नाही.

एकदा दिवेलागण झाल्यावर व्यंकटी आला. अंगावर शाल घेतलेली, उन्हाळ्याच्या दिवसांत. कडी वाजवली. "आई, मी हाय."

"ठावं हाय," ती आतून म्हणाली. "आत्ता न्हाई. उजेडी ये. हापिसाला जाताना ये, लोक बगत आसताना. दोघं मिळून च्या पिऊ."

"समजून घे की गं आई."

ती उठली नाही. तो निघून गेला. खोटं कशाला सांगा, रात्रभर तिला झोप आली नाही.

सकाळी उठून तिनं अंगण झाडलं, धुतलेलं लुगडं नेसली आणि पायरीवर येऊन बसली. केवळाबाई शेजारी तांदूळ निवडत होती. कचेरीकडं जाणाऱ्या सायकली सुरू झाल्या. त्यांच्यात व्यंकटी दिसला. भस्म लावलेला, हँडलला डबा अडकवलेला. दारासमोर आल्यावर त्याची सायकल जरा हळू झाली. सरजाबाई अर्धी उठली. व्यंकटीनं तिच्याकडं पाहिलं, पायरीवरच्या केवळाबाईकडं पाहिलं, नजर समोर केली आणि जोरात पायडल मारलं.

केवळाबाईनं मान वर केली. "कोण हो त्यो? तुमच्याकडं बगत होता. आपल्यातला हाय का?"

"न्हाई," सरजाबाई म्हणाली आणि खाली बसली.