जागेश्वरची फुंकर

तुमसरच्या एका राईस मिलमध्ये जागेश्वरचं काम सांगायला सोपं होतं, करायला नव्हे. मशीनखालून पडणाऱ्या तांदळाची मूठ घ्यायची, तळहातावर पसरायची आणि फुंकर मारायची. तूस किती उडालं, कणी किती राहिली, हे बघून तो मशीन कसायला नाहीतर ढिलं करायला सांगे. बत्तीस वर्षं मिल त्याच्या फुंकरीवर चालली. मालकाला वाटे आपणच चालवतो. वाटू द्या बिचाऱ्याला.

सिहोरा गावातलं घर त्याला खायला उठायचं. बायको, रंभाबाई, जाऊन पाच वर्षं झाली होती. म्हणून तो ड्यूटीच्या तासभर आधी मिलवर हजर आणि सगळ्यांच्या मागून घरी. टपरीवर मंगरू हमालाशी चहापायी भांडण झालं, की दिवस चांगला जायचा.

मग दम्यानं गाठलं. भंडाऱ्याच्या डॉक्टरीणबाईंनी पंप दिला, रोज सकाळ-संध्याकाळ ओढायला. पण हा पडला धानवाला माणूस! चांगलं बियाणं कुणी रोज खातं का? पंप त्यानं बियाण्यासारखा डब्यात जपला, अडीनडीला काढायला. एकच पंप आठ महिने पुरवला आणि वर मिलभर शहाणपण मिरवलं. एका दुपारी तळहातावर तांदूळ होता आणि फुंकर निघेना. ओठ काळेनिळे पडले, तेव्हा मंगरूनं त्याला गाडीत घालून भंडाऱ्याला नेलं.

जीव थाऱ्यावर आल्यावर बाई म्हणाल्या, "तुमच्या फुफ्फुसातल्या पहारेकरी पेशी मिलच्या धुळीला शत्रू समजतात. एक पेशी दुसरीला रासायनिक निरोप धाडते, दुसरी तिसरीला. त्या निरोपांनी श्वासनळी सुजते, कफ धरते. रोजचं औषध ते निरोप दाबतं. ते तुम्ही घेतलंच नाही."

"म्हंजे आतमंदी चुगल्या चालू आहेत, अन् मलेच पत्ता नाही!"

"तसंच समजा. आणि आता मिल सोडावी लागेल."

जागेश्वरचा चेहरा उतरला. "मिल सोडून जाऊ कुठी, बाई? माही माणसं तं तिथंच आहेत ना."

बाईंनी नव्या पंपाची चिठ्ठी लिहून त्याच्या हातात दिली.

त्यानं मिल सोडली. पंप नेमानं घेतला. पहिल्या महिन्यात मंगरू दोनदा येऊन गेला. नंतर त्यालाही पोटापाण्याचं होतंच. चार महिन्यांनी बाईंनी श्वासाचा जोर मोजायच्या नळीत फुंकायला लावलं, तर काटा पार वर गेला. "शाब्बास! आता तासभर बोललात तरी दम लागणार नाही," त्या म्हणाल्या. परतीच्या एसटीत जागेश्वर ते वाक्य मनात घोळवत बसला. बोलायचं कुणाशी, एवढंच सुचत नव्हतं.

घरी येऊन त्यानं हैदराबादला मुलाला, कुलदीपला, फोन लावला. बापाला दोन वाक्यांत धाप लागते, म्हणून पोरगा फोन आवरता घ्यायला शिकला होता, मायेनंच. आज जागेश्वरकडे चार महिन्यांचं साचलेलं होतं: काटा वर गेल्याचं, मंगरूच्या नातीच्या लग्नाचं, कुंपण पडल्याचं.

"कुलदीप, आयक ना..."

"बाबा, बरे आहा ना? औषध घेऊन राहिले ना?"

"हाव. आज बाईनं..."

"बरं, बरं. जास्त बोलू नका, दम लागल तुमाले. ठेवतो मी."

"नाही लागत रे आता," जागेश्वर म्हणाला. तोवर फोन बंद झाला होता.