विहिरीला हाक

"आहेस का गं?"

वाडीतली म्हातारी बाय विहिरीत वाकून ओरडायची. आवाज असा, की तिकडे स्टेशनच्या फलाटावरची माणसं आपल्यालाच विचारलं समजून "आहे, आहे" म्हणत असतील. मग ती कान द्यायची. आतून तिचीच हाक परत आली की पदर सारखा करून म्हणायची, "हाय. जित्ती हाय."

समुद्राजवळच्या गास गावातली ही विहीर आमच्या वाडीची सामायिक. एकट्या कुणाची नाही. प्रत्येक घराला पाण्याची पाळी, आणि कायदा एकच: पाळी द्यायची, विकायची नाही. तुमच्याकडे लग्न निघालं, की आमच्या पाळीचं पाणी तुमच्या मांडवात. श्रीमंती म्हणाल, तर आमच्या केळीच्या लोंगराआड, खोटं नाही सांगत, अख्खी म्हैस लपायची.

मग सोपाऱ्याच्या बाजूला इमारती उगवल्या. त्यांना गच्च्या होत्या, गॅलऱ्या होत्या, नळाला पाणी तेवढं नव्हतं. आमच्या वाडीत टँकर शिरला.

"माझी पाळी मी केळीला दिली काय नि टँकरला दिली काय, तुला काय गं?" बायचा सख्खा पुतण्या म्हणाला. "जमाना बदलला, बाय. आता पान्यातून पैसा निघतो."

"मंग पैशातून पानी काढून दाखव!" बाय कडाडली. "केळीला घातलेलं पानी पाझरून माघारी येतं, रे. टँकर गेला तो गेला."

पोट धरून हसलो आम्ही. आणि तुम्हीच बघा, विहीर कुणी विकली नाही हो! ज्याने त्याने फक्त आपली पाळी विकली.

बायच्या पाळीला मात्र टँकर रिकामा परतायचा. एका दुपारी मोटारसायकलवरून दोघे आले, विहिरीच्या कठड्यावर बसले. "मावशी, एवढं वाकू नका. वय झालं तुमचं." इतक्या मायेने बोलले, की मी कठड्यापासून दोन पावलं मागे सरलो. वाडीत कुत्रंसुद्धा भुंकलं नाही.

दुसऱ्या दिवशी बाय आली ती कमरेला दोर बांधून. दुसरं टोक माडाला.

"माझ्या हातात दे की टोक," मी म्हटलं.

"नको. माड पाळी विकत नाय."

मी हसणार होतो, पण तेवढ्यात तिने हाक मारली आणि उत्तर यायला उशीर लागला. नेहमीपेक्षा जरासाच.

तेव्हापासून रोज सकाळी वाडी श्वास रोखून बसायची. चहा कपात तसाच. बायची हाक जायची, आणि उत्तर दिवसेंदिवस खोलातून यायचं, सावकाश, दुसऱ्याच कुणाचं असल्यासारखं. देवळातली घंटा नि चर्चमधली घंटा एकदम ऐकू आली, तरी आमचे कान विहिरीतच.

एके दिवशी हाक मारून झाल्यावर तिने कळशी ओढली, चूळ भरली आणि थुंकली. "खारं," म्हणाली. कमरेचा दोर सोडला, गुंडाळून ठेवला. पुन्हा हाक मारली नाही. केळीची पानं कडेने करपत आली होती, ती मग आम्हालाही दिसली.

त्याच उन्हाळ्यात बाय खाटेवर झोपल्या झोपल्या गेली. मातीला आलेल्या माणसांच्या चहाला पाणी नव्हतं. पुतण्याने टँकर मागवला. ड्रायव्हर तोच, आमच्या विहिरीवरचा जुना.

"आता कुठल्या विहिरीचं आणतोस रे?" मी विचारलं.

पाइप पिंपात सोडत तो म्हणाला, "पुढच्या गावच्या."