मोरनीची तिसरी शर्यत

लग्न होऊन जयपूरला आल्याला मला अजून वर्ष व्हायचंय, पण घोड्यांचे किस्से एवढे साठलेत की साताऱ्याला माहेरी गेले तर मैत्रिणी महिनाभर जागच्या उठणार नाहीत. आमचे हे व्हेटर्नरी डॉक्टर. इथल्या रायडिंग क्लबचे घोडे हेच तपासतात. त्यामुळे संध्याकाळी बनी पार्कातल्या आमच्या दोन खोल्यांत क्लबचे लोक येतात, गोष्टी सांगतात, चहा पितात आणि जातात. कप आणि गोष्टी मागे राहतात. दोन्ही मीच आवरते.

या वेळी मात्र हसू येईना. डोकंच फिरायला लागलं.

क्लबची मोठी अडथळ्यांची शर्यत, हे लोक तिला ‘स्टीपलचेस’ म्हणतात, आठवड्यावर आली होती. ठाकूरसाहेबांची घोडी मोरनी ती दोनदा जिंकलेली. आता तिसऱ्यांदा धावणार होती. हे तिला तपासून आले आणि टोपीसुद्धा न काढता म्हणाले, "पुढच्या पायाची शीर सुजलीय. कुंपणावरून उडी मारली की पाय जाणार. आणि पाय गेलेल्या घोड्याला इथे गोळीच घालतात."

क्लबलाही त्यांनी हेच सांगितलं. तेव्हापासून रोज कोणीतरी ह्यांचं मन वळवायला येऊ लागलं!

*

पहिले आले सेक्रेटरी मेजरसाहेब. स्वतः रिटायर झालेले. मिश्या अजून ड्यूटीवर.

"डॉक्टरसाहब, ज्यानं पहिला कप जिंकला ना, वो सुलतान! आखिरी कुंपणावर पाय मोडला. मोडला! तरी तीन टाँगों पर दौड़ा और जीता! राजासाहब खुर्चीतून उठले. लेडीज रोने लगीं!" आमच्याकडे आले की मेजरसाहेब अशी मराठी बोलतात. पुण्याला पोस्टिंग होतं म्हणे.

मी चहा ठेवता ठेवता विचारलं, "फिर?"

"फिर क्या?"

"फिर सुलतान का क्या हुआ?"

मेजरसाहेबांनी मिशी चाचपून खूप आठवून पाहिलं.

"फिर तो... डिनर था, बहनजी."

*

रविवारी आम्हाला क्लबवर बोलावलं. भिंतीवर लाकडी बोर्ड आहे, त्यावर आजवरचे सगळे विजेते सोनेरी अक्षरांत. घोड्याचं नाव आणि मालकाचं नाव. मोरनीला दोन्ही वेळा जिंकवणारा रायडर भैरूसिंह दाराशी उभा होता. गेल्या साली त्याचा खांदा निखळला, तो अजून नीट बसलेला नाही.

"इनका नाम कहाँ है?" भैरूसिंहाकडे बोट करून मी ठाकूरसाहेबांना विचारलं.

"रायडर का नाम?" ठाकूरसाहेब छत हलेल असे हसले. "रायडर तो बदलते रहते हैं, बहूजी!"

भैरूसिंहही मान खाली घालून हसला. ते हसणंही त्याच्या नोकरीतच येत असावं.

मग कळलं, एका साली एक घोडा एकटाच पहिला आला होता. रायडर मागे पाण्याच्या खंदकात पडलेला! कप द्यावा की नाही, यावर क्लबची मीटिंग झाली. ठरलं असं, की मालक तर शेवटपर्यंत आपल्या खुर्चीतून पडले नाहीत ना? मग कप त्यांचाच!

*

त्याच दिवशी मला मोरनीला जवळून बघायचं होतं. पण शर्यतीआधी घोडे फिरवतात त्या पॅडॉकच्या दोरीशीच मेजरीणबाईंनी मला अडवलं. "लेडीज को मना है. रंगीत साड्यांना घोडे बिचकतात."

तेवढ्यात दोरीच्या आत, घोड्यांपासून दहा पावलांवर, बँडवाल्यांनी शर्यतीचा सराव म्हणून ढोल बडवायला सुरुवात केली.

माझी साडी पांढरी होती, बारीक काठाची. मी मागे सरले. बिचकायचं कुणाला, हेही इथे क्लबच ठरवतो!

*

सगळ्यात चीड आणली ती आपल्याच माणसाने. बँकेतले काळेकाका, मराठी मंडळाचे अध्यक्ष. दरवर्षी गणपतीत अन्यायाविरुद्ध भाषण करतात.

"अहो डॉक्टर, आपण बदलीची माणसं. आज इथे, उद्या बिकानेर. कशाला वाकड्यात शिरता? ठाकूरसाहेबांचं खातं आमच्याकडे आहे, म्हणून नाही सांगत."

"काका, घोडी मरेल," हे म्हणाले.

"मरतात हो घोडे! तुमच्या आधीचे डॉक्टर काय समंजस माणूस! तबेल्यात पाऊल न टाकता सर्टिफिकेट द्यायचे. एकदा तर एक घोडा सकाळीच मेला होता, दुपारी तोसुद्धा फिट निघाला!"

काका स्वतःच्याच गोष्टीवर पोट धरून हसले. त्यांच्या चहात मी साखर घातली नाही. आणि बिनसाखरेचा तो चहा हा माणूस ‘वा!’ म्हणून प्यायला.

हे मात्र हलले नाहीत. शेवटी मेजरसाहेबांनी ह्यांच्या पाठीवर हात ठेवला. "डॉक्टरसाहब, आपकी राय सर-आँखों पर. घोड़ी दौड़ेगी."

*

शर्यत मुरलीपुऱ्यापलीकडच्या मोकळ्या माळावर होती. तिथे राजेसाहेबांच्या काळापासूनचा एक रिवाज आहे: सुटण्याआधी नव्या सुनेने प्रत्येक घोड्याला कुंकवाचा टिळा लावायचा. वर्षातून तेवढ्यापुरती बाई पॅडॉकमध्ये चालते! यंदा मेजरसाहेबांनी माझं नाव काढलं. डॉक्टरांची नाराजीही जाईल, असा हिशेब.

माझ्या हातात चांदीची थाळी दिली. मी एकेका घोड्याला टिळा लावत गेले. हे दोरीपलीकडे उभे होते, चेहरा उतरलेला. त्यांचं सगळं बोलून झालं होतं.

शेवटी मोरनी. सुजलेल्या पायाला लाल रेशमी पट्टी बांधून सजवली होती. पाय टेकवायची, उचलायची, पुन्हा टेकवायची. मी जवळ गेले तर तिने थाळीत तोंड घातलं आणि अक्षता खाल्ल्या.

मी थाळी खाली जमिनीवर ठेवली. ठाकूरसाहेबांच्या आई, सगळे त्यांना माँसा म्हणतात, बाजूला खुर्चीवर घुंघट घेऊन बसल्या होत्या. मी त्यांच्या कानाशी वाकले.

"माँसा, अब मैं थाली नहीं छू सकती."

बाईला पुढचं सांगावं लागत नाही. माँसांनी थाळीकडे पाहिलं. मोरनीच्या कोऱ्या कपाळाकडे पाहिलं.

"घोड़ी पाछी ले जाओ."

"लेकिन क्यों, माँसा?" ठाकूरसाहेब धावत आले.

"अपशकुन हो गयो. थारे काम की बात कोनी!"

"दूसरी थाली मँगवा लें?" मेजरसाहेब म्हणाले. माँसांनी घुंघटातून त्यांच्याकडे अशी मान वळवली की मिश्यांसकट ते मागे सरले. दुर्बिणी, बिल्ले, फेटे, सगळा क्लब माझ्याकडे बघत उभा. एकालाही काही विचारता येईना!

मोरनीची लाल पट्टी सोडून भैरूसिंहाने तिला पायी घरी नेलं. बाकीच्यांची शर्यत झाली. कोण जिंकलं, मी पाहिलं नाही.

परतताना टांग्यात हे माझ्याकडे सरकले. मग टांगेवाल्याला ऐकू जाणार नाही अशा बेताने म्हणाले, "अगं, पण गेल्याच आठवड्यात तर तू बाजूला बसली होतीस! पिठलं मी केलं होतं!"

"तुम्ही घोड्यांचे डॉक्टर," मी म्हटलं. "घोड्यांचं बघा."