ओढ्याकाठची हिरवी पट्टी

साताऱ्यात नगररचनेच्या कार्यालयात मी आरेखक होते. प्रादेशिक योजनेचे नकाशे काढायचं काम. लोणंदकडच्या कारखान्यांचं सांडपाणी ओढ्यात, रानात मुरू नये म्हणून दोन्ही काठांना हिरवी पट्टी राखायची, तिथं कारखान्याला परवानगी द्यायची नाही, असा योजनेत नियम होता. ती पट्टी ठरवायला साहेब आणि मी अख्खा उन्हाळा विहिरी बघत हिंडलो. नकाशा वाचायला मला साहेबांनीच शिकवलं होतं. त्यांच्यावर माझा वडिलांइतका विश्वास.

त्याच ओढ्याकाठी माझ्या आत्याचं रान. शेजारची जमीन रंगाच्या कारखान्यानं घेतली तेव्हा ती घाबरली. गिऱ्हाईक आहे तोवर विकून टाकू का, म्हणाली. मी तिला सांगितलं, तिथं कारखाना होऊच शकत नाही, नकाशा मी काढलाय. तिनं ऐकलं.

नकाशा मंजूर होऊन आला आणि मी बघतच राहिले. आत्याच्या बांधापाशी हिरवा रंग संपला होता. पलीकडं कारखान्यांचा जांभळा. कोपऱ्यात माझी सही. शेवटच्या दिवशी साहेबांनी घाईघाईनं गठ्ठा पुढं केला होता, मी न बघता सह्या केल्या होत्या.

मी केबिनमध्ये गेले. वरून दबाव आला होता का, असं विचारलं. हो म्हणाले असते तर मी समजून घेतलं असतं, पण ते शांतपणे म्हणाले, "बदल मीच सुचवला. तू अडून बसली असतीस, म्हणून तुला दाखवला नाही."

कारखाना सुरू झाला आणि वर्षाच्या आत आत्याच्या विहिरीचं पाणी तांबूस झालं. म्हैस तोंड लावीना. मी तिला सगळं सांगितलं, साहेबांनी कसं फसवलं तेही. ती गवत कापत होती. हात न थांबवता म्हणाली, "त्यो माझा कोण लागतो? इस्वास मी तुझ्यावर ठेवला व्हता."

मी जुन्या नकाशाची प्रत जोडून लेखी तक्रार केली. माझी सांगलीला बदली झाली. चौकशीत साहेबांनी माझी सही दाखवली, माझ्याकडं एकदाही पाहिलं नाही. चौकशी अजून चालूच आहे.

आत्यानं रान त्याच कारखान्याला दिलं. मला ते चुलत भावाकडून कळलं.