पित्ताची पिशवी आणि दोन भावजी

वहिनीला एकाचे दोन दिसायला लागले, तेव्हा तिला चाकूरच्या चष्मेवाल्याकडे नेण्याची हुशारी माझीच. नवा चष्मा चढवून मी विचारलं, "आता कसं?"

"भावजी दोनच हायत. पण स्वच्छ दिसतेत."

भावाला सुई बघूनच घेरी येते, म्हणून घरात दवाखान्याचं खातं माझ्याकडे. वहिनी गावातल्या बायकांचे ब्लाउज शिवते. सुईत दोरा ओवता येईना, म्हणून मशीन झाकून ठेवलेलं. तिचा सगळा जीव त्या मशीनमध्ये. डोकंही डावीकडून ठणकायला लागलं तेव्हा लातूर गाठलं. पुतणीच्या सासूबाई, आमच्या विहीणबाई, सोबतीला आल्याच. त्यांना नको म्हणायची आमच्यात कुणाची छाती नाही.

डॉक्टरांनी डोळ्यांपुढून पेन फिरवला. डावा डोळा बाहेरच्या बाजूला वळेचना.

"आधी काही मोठं ऑपरेशन?"

"पित्ताची पिशवी काढली," मी तत्परतेनं म्हणालो.

घरात ठरलंच होतं तसं. स्तनाच्या कॅन्सरचं ऑपरेशन झालं तेव्हा पुतणीची सोयरीक जमायची होती. ती पिशवी मी इतक्या पाहुण्यांना सांगितली होती, की मलाच खरी वाटायला लागली होती.

"भावजी, गप बसा. डॉक्टर, मला छातीचा कॅन्सर झालता. विहीणबाई, हाव, आम्ही खोटं बोललो."

"मला साखरपुड्याआधीच ठावं होतं," विहीणबाई शांतपणे म्हणाल्या. "पित्ताच्या ऑपरेशनला कुणाचे केस जातेत व्हय?"

डॉक्टरांनी लगेच एमआरआय करायला सांगितला. कवटीच्या तळाशी, डोळा फिरवणारी नस जाते तिथंच जुना रोग उतरला होता. "समूळ जाईल असं म्हणणार नाही," डॉक्टर म्हणाले, "पण दाबून ठेवता येतो. आणि वेळेत आलात, डोळा सुधारायची आशा चांगली आहे."

नांदेडला रेडिएशनचे शेक सुरू झाले. डोकं हलू नये म्हणून चेहऱ्यावर जाळीचा मुखवटा. "महालक्ष्म्या बसवल्यासारखं वाटतंय," वहिनी म्हणाली, "फक्त पुरणपोळी कुणी आणून देईना."

गोळ्या आणि तपासण्या अजून चालू आहेत, पुढेही राहतील. पण परवा सकाळी चहा देताना ती माझ्याकडे बघतच राहिली.

"एकच राहिलात की!"

"वाईट वाटलं?"

"छे. एकालाच चहा पुरत न्हाई."

मग तिनं मशीनवरचं कापड काढलं, सुईत दोरा ओवला आणि विहीणबाईंचा ब्लाउज आधी शिवायला घेतला.